जन्मतारीख खरी लिहा

मुलाला ऑनलाइन गेमचं खातं उघडून देताना 'सुरक्षित' या शब्दाचा घरोघरी एकच अर्थ घेतला जातो, तो म्हणजे कुलूप. पासवर्ड अवघड ठेवायचा, वेळेची मर्यादा लावायची, पैसे जाण्याची वाट बुजवायची आणि यातलं काहीच मुलाला उघडता येणार नाही याची खात्री करायची. ही समजूत खोटी नाही, पण उथळ आहे. कुलूप नेमकं कोणत्या दाराला लावलंय, हे ती तपासतच नाही. माझं म्हणणं असं आहे की मुलाच्या खात्याची सुरक्षितता तीन गोष्टींवर उभी असते. खातं कोणाचं आहे, त्यावरची जन्मतारीख खरी आहे का, आणि त्या खेळात घरचं कोणी सोबत आहे का. पासवर्ड आणि टायमर या तिन्हींनंतर येतात. पहिल्या दोन गोष्टी चुकल्या तर बाकीची कुलपं लागतात खरी, पण रिकाम्या खोलीला.

उसनं खातं

आपल्याकडे मुलाचा खेळ बहुधा आई किंवा बाबांच्या फोनवर सुरू होतो. फोन मोठ्या माणसाचा, त्यातलं गुगल खातं मोठ्या माणसाचं. म्हणजे समोरच्या कंपनीच्या लेखी खेळतोय तो नऊ वर्षांचा मुलगा नाही, चाळिशीतला गृहस्थ आहे. त्याला जाहिराती त्या वयाच्या दिसतात आणि अनोळखी माणसांशी बोलण्याची मुभाही त्या वयाची मिळते. कंपनीने मुलांसाठी जे काही कुंपण घातलंय त्यातला एक खांबही या खात्याच्या वाटेत येत नाही. यात कंपनीची लबाडी नाही. तिला तिथे मूल आहे हे कोणी सांगितलेलंच नसतं.

पैशाच्या बाबतीत तर हा उसनवारीचा व्यवहार जास्तच पोकळ ठरतो. कार्डाच्या व्यवहाराला ओटीपी लागतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ओटीपीची सगळी सुरक्षितता एका गृहीतकावर उभी आहे. फोन त्याच्या मालकाच्या हातात आहे, हे ते गृहीतक. खेळणाऱ्याच्या हातात फोन असेल तर ओटीपी त्याच्याच डोळ्यांसमोर येऊन पडतो. यूपीआयचा पिन वेगळा असतो हे खरं, पण दुकानात आईच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाला चार-सहा आकडे पाठ व्हायला किती वेळ लागतो?

उसन्या खात्याचा आणखी एक तोटा फारसा बोलला जात नाही. मुलाने वर्षभर खेळून कमावलेलं सगळं बाबांच्या आयडीला किंवा नुसत्या 'गेस्ट' प्रवेशाला बांधलेलं असतं. फोन बदलला, गेम काढून टाकला, की गेलं. मग मूल स्वतःची सोय बघतं. मित्राच्या आयडीवरून खेळतं, आपला पासवर्ड त्याला देतं, त्याचा घेतं. शाळकरी मैत्रीत पासवर्ड हे एक चलन झालं आहे आणि ते चलनात आलं याचं एक कारण, मुलाकडे स्वतःच्या मालकीचं असं काही नव्हतं. ज्याच्या नावावर घर असतं तोच दार लावतो.

म्हणून पहिलं काम खातं सुरक्षित करणं हे नाही. खातं मुलाचं करणं, हे पहिलं काम. गुगलचं फॅमिली लिंक, मायक्रोसॉफ्टचा कुटुंब गट, प्लेस्टेशन, निन्टेंडो, सगळ्यांची रचना साधारण सारखीच आहे. एक प्रौढ व्यक्ती कुटुंबप्रमुख आणि तिच्याखाली मुलाचं स्वतंत्र खातं. घरात फोन एकच असला तरी गेममधलं खातं मुलाच्या नावाचं वेगळं काढता येतं. तेवढ्याने बराच फरक पडतो.

१ जूनची परंपरा

महाराष्ट्रात एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जून आहे. शाळेत नाव घालताना वय बसावं म्हणून गुरुजींनी दाखल्यावर सोयीची तारीख लिहिली आणि पुढे ही सगळी मंडळी ३१ मे रोजी घाऊक निवृत्त झाली. जन्मतारीख ही सत्य सांगण्याची नाही, काम भागवण्याची बाब आहे, हा संस्कार आपल्यात तेव्हापासून मुरलेला आहे. गेमच्या नोंदणीत वर्षाचं चक्र फिरवून १९९५ वर थांबणारं बोट त्याच संस्कारातलं. फरक एवढाच की गुरुजींच्या खोट्याने मुलाला शाळेचं दार उघडून मिळत होतं. या खोट्याने मुलावरचं छप्पर निघून जातं.

हे अलंकारिक नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सशी समझोता जाहीर केला. मुलांच्या खासगीपणाच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल २७ कोटी ५० लाख डॉलर दंड आणि ग्राहकांना नको त्या खरेदीत ढकलल्याबद्दल परतावा म्हणून २४ कोटी ५० लाख डॉलर. पहिल्या भागातला एक आरोप असा होता की खेळाडूंमधलं लेखी आणि आवाजी संभाषण मुळातच चालू ठेवलेलं होतं, त्यामुळे मुलं थेट अनोळखी माणसांशी जोडली जात होती. त्याच महिन्यात कंपनीने लहान मुलांसाठी वेगळ्या प्रकारचं खातं आणलं. वय कमी सांगितलं तर खेळता येतं, पण पालकाची संमती येईपर्यंत आवाजी गप्पा आणि खऱ्या पैशांची खरेदी बंद. रोब्लॉक्सनेही नोव्हेंबर २०२४ पासून तेरा वर्षांखालच्या मुलांना खेळाबाहेर खासगी संदेश पाठवण्याची सोय काढून घेतली आणि पालकाला स्वतःच्या खात्यातून मुलाची मित्रयादी, वेळ आणि खर्च बघता येईल अशी व्यवस्था केली. कोट्यवधी डॉलरचे दंड आणि वर्षानुवर्षांचा दबाव यांतून हे घडलं. पण यातल्या बहुतेकाचा खटका एकाच जागी आहे, जन्मतारखेच्या रकान्यात. तिथे १९९५ लिहिलं की ही बहुतेक कमाई त्या मुलापुरती शून्य.

खोटी तारीख नेहमी मूलच टाकतं असंही नाही. माइनक्राफ्टचं उदाहरण बोलकं आहे. लहान मुलाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर इतरांसोबत खेळायची परवानगी पालकाने द्यावी लागते. ती सेटिंग गेममध्ये नसतेच, ती असते एक्सबॉक्सच्या खासगीपणाच्या पानावर, बऱ्याच पायऱ्या उतरून गेल्यावर. मुलगा रडकुंडीला आलेला, पडद्यावर 'तुमच्या खात्याला परवानगी नाही' एवढंच. अर्धा तास शोधून कंटाळलेला बाप शेवटी दुसरं खातं काढतो आणि त्यात स्वतःचं जन्मवर्ष टाकतो. पाच मिनिटांत खेळ सुरू. कंपन्यांनी सुरक्षित वाट काट्याकुट्यांची आणि असुरक्षित वाट डांबरी ठेवली, हा त्यांचा दोष मोठा आहे आणि त्याबद्दल त्यांना झोडपलंच पाहिजे. तोवर तो कंटाळवाणा अर्धा तास आपल्यालाच घालवायचा आहे.

कुलपांनी काय झालं

कुलूपच पुरेसं असतं तर दक्षिण कोरिया आणि चीन यांना ते साधलं असतं. कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळायला बंदी केली. मुलांनी आईवडिलांच्या नोंदणी क्रमांकावर खाती काढली, पुढे खेळ मोबाइलवर सरकला आणि तो त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होता. दहा वर्षांनी सरकारने कायदा गुंडाळला. चीनने ऑगस्ट २०२१ मध्ये आणखी कडक पाऊल उचललं. अठरा वर्षांखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, बस्स. तिथेही पळवाट मोठ्यांच्या खात्याची. ती बुजवण्यासाठी टेन्सेंट या गेम कंपनीला या नियमाआधीच रात्री चेहरा ओळखण्याची यंत्रणा उभी करावी लागली होती. खरी ओळख सक्तीची करणाऱ्या, पोलिसी ताकद असलेल्या दोन देशांत मुलांनी शोधलेली वाट तीच निघाली जी आपल्याकडे कोणी न सांगता पहिल्या दिवसापासून वापरात आहे. घरातलं उसनं खातं.

आपल्याकडचे आकडेही बघा. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया २०२१ मध्ये आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांसाठी दिवसाला तीन तास, पालकाच्या मोबाइलवर ओटीपी आणि दिवसाला ७००० रुपये खर्चाची मर्यादा अशा अटी होत्या. वय मात्र ज्याचं त्याने सांगायचं. आणि दिवसाला ७००० ही 'मर्यादा' ज्याला सुचली, त्याने महिन्याचा किराणा कधी भरला नसावा. कंपनीची मर्यादा ही घराची मर्यादा नसते. ती घरानेच आखावी लागते.

करार कोणाचा?

खातं उघडणं हा करार आहे, हे आपण विसरतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ११ नुसार अल्पवयीन व्यक्ती करार करायला पात्र नाही आणि अशा व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात पक्कं केलं. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाने 'मला अटी मान्य आहेत' या चौकटीवर बोट ठेवलं, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या बोटाला वजन नाही. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आणखी पुढे जातो. अठरा वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती म्हणजे मूल, तिची माहिती घेण्याआधी पालकाची पडताळणी करता येईल अशी संमती हवी, आणि मुलाचा माग काढणं, त्याच्या वागण्यावर पाळत ठेवणं, त्याला नेमून जाहिराती दाखवणं, याला मनाई. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. हे संरक्षण मिळणार कोणाला? ज्याने आपण मूल आहोत असं सांगितलं, त्याला. जो कागदावर तीस वर्षांचा आहे त्याचा माग खुशाल काढला जाईल.

काही पालकांना वाटतं की ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने हा प्रश्न निकालात काढला. तो कायदा मुख्यतः पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. मुलांच्या खेळात पैसा जातो तो पोशाख, स्किन आणि पास यांवर, आणि तो परत मिळेल अशी आशा मुलालाही नसते.

बोलणं आधी, पैसा नंतर

खातं मुलाचं झालं, तारीख खरी पडली, की मग सेटिंगचा विचार. इथे क्रम महत्त्वाचा आहे आणि आपला क्रम उलटा असतो. आपण आधी पैसा बंद करतो, मग वेळ, आणि बोलण्याकडे लक्षच जात नाही. गेलेला पैसा परत मिळू शकतो. २०१४ मध्ये ॲपलला मुलांनी पालकांच्या नकळत केलेल्या खरेदीपोटी किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करायचं मान्य करावं लागलं. तिथली मेख अशी होती की एकदा पासवर्ड टाकला की पुढची पंधरा मिनिटं दार उघडंच राहायचं. धडा सरळ आहे. प्रत्येक खरेदीला मंजुरी पालकाच्या फोनवर यावी, कार्ड मुलाच्या खात्याला जोडलेलं नसावं, आणि ठरलेली रक्कम महिन्याच्या महिन्याला भरावी. एवढं केलं की पैशाचा विषय संपतो.

बोलण्याचा संपत नाही. खेळावर जे वयाचं लेबल असतं, ३ च्या वर, ७ च्या वर, १२ च्या वर, ते खेळातल्या मजकुराचं असतं. त्या खेळात समोर कोण येऊन काय बोलेल, याची हमी ते देत नाही. अमेरिकेतली वयनिर्धारण संस्था तर तशी सूचनाच छापते. त्यामुळे ठोकळ्यांचा गोजिरवाणा खेळ आणि बंदुकीचा खेळ यांत, अनोळखी आवाजाच्या दृष्टीने, फारसा फरक नाही. सुरुवातीला आवाजी गप्पा फक्त ओळखीच्यांशी, मैत्रीची विनंती पालकाला दाखवून, आणि 'फुकट रोबक्स', 'फुकट यूसी' (ही खेळांतली चलनं) असं लिहून येणारी प्रत्येक लिंक चोराची, हे मुलाला आधीच सांगून ठेवलेलं.

पासवर्डबद्दल एका परिच्छेदापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असावी आणि तिचा कोड पालकाच्या नंबरावर यावा. खातं परत मिळवण्याचा ईमेल पालकाचा असावा. हाताशी ठेवायचे राखीव कोड कागदावर लिहून रेशनकार्ड आणि विम्याच्या कागदांसोबत कपाटात ठेवावेत. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा.

डावात बसलेला मोठा माणूस

तिसरा खांब सर्वांत दुर्लक्षित आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मेंढीकोट, झब्बू, बदाम सात हे डाव एकाच चटईवर मांडले जात आणि त्यात आजीपासून शेंडेफळापर्यंत सगळे असत. तिथे लबाडी होत असे, रडारड होत असे, कोणीतरी नको ते बोलत असे. पण ते मोठ्यांच्या देखत घडे आणि तिथल्या तिथे निस्तरलं जाई. त्या चटईवर पाळत नव्हती, सोबत होती. ऑनलाइन खेळाने चटई तेवढी नेली आणि मोठी माणसं मागे राहिली.

त्यांना परत आणायची सोय त्याच खेळांत आहे. माइनक्राफ्टमध्ये एकाच वायफायवर असलेल्या दोन उपकरणांतून घरच्या घरी एक जग बांधता येतं. रेल्म्स नावाचा खासगी सर्व्हर घेतला तर त्यात फक्त आमंत्रण दिलेलेच येऊ शकतात. पुण्यातली भाची आणि न्यू जर्सीतला मामा तिथे एकत्र घर बांधू शकतात. कुटुंबाने खेळणं हा इथे वरून शिंपडलेला गोडवा नाही, ती सुरक्षिततेची यंत्रणा आहे. जो पालक आठवड्यातून अर्धा तास खेळतो त्याला समोरचा कोण, तो काय बोलतोय, पोशाख विकत घेण्याचा मोह कुठे मांडलाय, हे कोणत्याही साप्ताहिक अहवालाशिवाय कळतं. आणि काही विचित्र घडलं तर मूल त्याच्याकडे जातं, कारण त्याला 'लॉबी' म्हणजे काय हे पहिल्यापासून समजावून द्यावं लागत नाही.

आक्षेप

कंपनीला मुलाची खरी माहिती कशाला द्यायची, हा आक्षेप रास्त आहे. जून २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने २ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. आरोप होता एक्सबॉक्सची नोंदणी करताना तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांना न कळवता घेतल्याचा आणि नोंदणी अर्धवट राहिली तरी ती ठेवून दिल्याचा. म्हणून खरं किती सांगायचं हे ठरवावं. वय खरं, नाव टोपण. आयडीमध्ये आडनाव, शाळा, गाव, जन्मवर्ष नको. प्रोफाइलला फोटो नको. वय कंपनीला कळायला हवं, बाकीचं कोणालाच नाही.

सर्वांत कठीण आक्षेप मुलाचा आहे. सगळे मित्र खोट्या वयाने खेळतात, मी एकटाच बाहेर पडेन. हे खरं आहे. याला पूर्ण उत्तर नाही. चार-पाच मित्रांच्या पालकांशी बोलून ती मंडळी एकमेकांच्या यादीत घालून देणं, हा अर्धा उपाय आहे. उरलेलं नुकसान मुलाला सोसावं लागेल आणि ते नुकसान आहे हे आपण कबूल करावं. 'त्यात काय एवढं' म्हणून ते उडवून लावू नये.

हे सगळं म्हणजे हेरगिरीच की, असं किशोरवयीन मुलांचे वकील विचारतील. लपवून केलं तर नक्कीच. ब्रिटनमध्ये मुलांसाठीच्या ऑनलाइन सेवांची जी आचारसंहिता २०२० मध्ये लागू झाली, तिच्यात पालक नजर ठेवून असतील तर मुलाला तसं स्पष्ट दिसलं पाहिजे, असं म्हटलं आहे. निन्टेंडोच्या पालकांसाठीच्या ॲपमध्ये वेळ संपली की खेळ बंदच करायचा, की फक्त सूचना दाखवून थांबायचं काम मुलावर सोपवायचं, अशी निवड आहे. मी दुसरी निवडेन. सेटिंग लावताना मूल शेजारी बसलेलं असावं आणि बाबांना काय दिसणार, काय दिसणार नाही, हे त्याला माहीत असावं. वेळ दिसेल, मित्रयादी दिसेल. मित्रांशी काय बोललं ते दिसणार नाही.

शिवाय खऱ्या तारखेचा एक फायदा मुलाच्या बाजूचा आहे. खातं त्याच्याबरोबर मोठं होतं. जिथे कुंपण वयाला बांधलेलं आहे तिथे तेरा आणि अठरा ही वर्षं येतात तशी काही दारं आपोआप उघडतात. उरलेली कधी उघडायची याची यादी आधीच लिहून ठेवता येते. खोट्या खात्यात मूल नवव्या वर्षीच तिशीत पोचलेलं असतं, मग उघडायला काही उरतच नाही.

आधीच उघडलेली खाती

हे वाचणाऱ्या बहुतेक घरांत १९९५ सालचं एखादं खातं आधीच चालू असेल. काही कंपन्या पालकाने विनंती केली तर वय दुरुस्त करून देतात. जिथे होत नाही तिथे नवं खातं काढावं लागेल आणि जुन्यातले पोशाख, क्रमांक, दोन वर्षांची मेहनत सोडून द्यावी लागेल. मूल चिडेल आणि त्याचं चिडणं बरोबर असेल, कारण बरेचदा ती तारीख आपणच टाकलेली असते. ते त्याच्यासमोर मान्य करावं. जुनं खातं लगेच पुसू नये, काही दिवस राहू द्यावं. नव्या खात्यावरचा पहिला खेळ त्याच्याबरोबर आपण खेळावा आणि तारखेच्या रकान्यात बोट त्याचंच असावं. दाखल्यावरची तारीख त्याला पाठ असते.